पट्टीखालचा उजेड

आमच्या बमरोलीच्या बाजूला कुणी जुनं मशीन घ्यायला निघालं की मला सोबत न्यायचे. मी सुतारकाम करणारा माणूस. खानदेशातून सुरतेत आलो ते मागावर काम करायला, पण लूमची खटखट कानाला सोसेना, म्हणून एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो आणि पुढे लाकडातच राहिलो. फळीच्या एका टोकाला गाल टेकवून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली की ती कुठे वाकलीय, कुठे पिळलीय, हे मला लगेच कळायचं. लोक म्हणायचे, मिस्त्रींच्या डोळ्यात ओळंबा आहे. मी हसून ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर ते ऐकायला मला फार आवडायचं.

जुनं मशीन बघायचं म्हणजे मुख्य बघायचं त्याचं टेबल. मोटर बदलता येते, पात्यांना धार लावता येते. पण रंध्याच्या मशीनवर फळी ज्या बिडाच्या टेबलावरून पुढे ढकलतात, ते टेबलच खोलगट झालेलं असलं, तर त्यावरून निघणारी कुठलीच फळी सरळ निघत नाही. अशा दोन फळ्या शेजारी शेजारी जोडल्या की फट राहते. म्हणून टेबलावर लांब लोखंडी पट्टी कडेवर उभी धरायची, पलीकडून टॉर्च मारायचा आणि अलीकडून वाकून बघायचं. पट्टी जिथे टेकलेली असते तिथे अंधार, आणि जिथे खाली खोल असतं तिथून उजेडाची रेघ येते. लांबीत बघायचं, रुंदीत बघायचं, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. त्यात मोठी विद्या काही नाही. डोळे मात्र लागतात.

माझ्या डोळ्यांचं गेल्या पावसाळ्यापासून बिनसलं होतं. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरायचा. लाकडावर मीच मारलेली पेन्सिलची खूण मला सापडेना. मी पेन्सिल बदलली. गाळ्यातली ट्यूबलाइट बदलली. मग व्होल्टेजला शिव्या दिल्या. संध्याकाळी गाडी चालवायचं सोडलं आणि बायकोला सांगितलं, पाठ दुखते. डॉक्टरकडे जायची भीती नव्हती. गेलो तर ते सगळ्यांना कळेल, याची होती. या शहरात माझं घर भाड्याचं, गाळा भाड्याचा. लोकांनी मला दिलेला मान तेवढा माझा होता, आणि तो डोळ्यांवर उभा होता.

माझी लेक माझ्यासोबत काम करते. बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं होतं, पण रोज संध्याकाळी गाळ्यावर येऊन बसायची. बसता बसता करवत हातात घेतली, आणि कॉलेज मागे पडलं. नातेवाइकांनी मला पुष्कळ ऐकवलं. आज गिऱ्हाइकांशी बोलणं, माप घेणं, सामान आणणं, सगळं तीच करते. गुजराती अशी बोलते की समोरच्याला ती आमच्याकडची आहे हे कळतसुद्धा नाही. घरी आली की आईशी अहिराणी. ती कधीची मागे लागली होती, की आबा, आता रंध्याचं मशीन घेऊच. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेल्यावर तिला भेस्तानमध्ये एक जुनं मशीन सापडलं. एक गुजराती फर्निचरवाला कारखाना आटोपता घेत होता.

"उद्या बघायला जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही टेबल बघा, बाकीचं मी बघते."

आम्ही तिच्या स्कूटरवर गेलो. पट्टी जुन्या लुंगीत गुंडाळून मी मागे आडवी धरली होती. ही पट्टी माझी फार वर्षांची. तिची एक कड मी स्वतः घासून घासून सरळ केलेली आहे, दुसरी कारखान्यातून आली तशीच आहे. चांगली कड कुठली हे कळावं म्हणून तिच्या बाजूला एक भोक पाडलेलं आहे.

कारखानावाला शेठ भला माणूस होता. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, बनियनवर शर्ट अडकवत बाहेर आला. "आवो मिस्त्री, आवो. तमारूं नाम बहु सांभळ्युं छे," तो म्हणाला. माझं नाव त्याने ऐकलं होतं. त्याने कामगारांकडून मशीनवरची ताडपत्री काढून घेतली, टेबल पुसून घेतलं, आणि ते सगळे बाजूला उभे राहिले. मिस्त्री मशीन कसं बघतात ते बघायला.

मी पट्टीभोवतीची लुंगी सोडली. पट्टी टेबलावर ठेवली. लेकीने पलीकडून मोबाइलचा टॉर्च धरला. मी गुडघ्यावर हात ठेवून वाकलो, एक डोळा मिटला.

मला काहीच दिसलं नाही. म्हणजे उजेड दिसला, पण तो पट्टीच्या वरून सांडलेला, सगळीकडे सारखा, पीठ उधळल्यासारखा. पट्टी त्यात एक काळपट सावली होती. ती टेबलावर कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही, ते काही केल्या दिसेना. मी दुसरा डोळा मिटून बघितलं. पट्टी आडवी फिरवली. कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवली. प्रत्येक वेळी हवा तेवढा वेळ वाकून राहिलो, कारण किती वेळ वाकायचं हे मला माहीत होतं.

'तू बघ जरा,' एवढं लेकीला म्हणालो असतो तर झालं असतं. त्यात कमीपणा काय होता? बाप म्हातारा होतोय, मुलगी बघते, कुणालाही पटलं असतं. पण ते शब्द तोंडापर्यंत आलेच नाहीत. मी सरळ झालो, हात झटकले आणि म्हणालो, "सरळ आहे. टेबल चांगलं आहे."

शेठने कामगारांकडे बघून मान डोलावली, म्हणजे बघा, मी म्हणत नव्हतो?

लेक टॉर्च घेऊन अलीकडे आली. तिने आधी पट्टी उचलली, हातात फिरवली आणि उलटी करून ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. भोक वरच्या बाजूला होतं. मी इतका वेळ चुकीच्या कडेने टेबल बघत होतो. ते भोक मला दिसलं नव्हतं आणि बोटाने चाचपायचंही सुचलं नव्हतं.

मग तिने टॉर्च पलीकडे एका डब्याला टेकवून ठेवला आणि वाकली. तिला फार वेळ लागला नाही. उठली ती शेठकडे न बघता माझ्याकडे बघत. ती नजर मी विसरणार नाही. त्यात राग असता तर बरं झालं असतं. लहान मूल पडलं आणि रडतंय का ते आई बघते, तशी बघत होती.

ती शेठला कळू नये म्हणून अहिराणीत बोलली. "आबा, मझार खोल शे. तुमले नही दिखनं?" मधे खोल आहे, तुम्हाला नाही दिसलं?

"कोठे?" मी म्हणालो. आवाज चढवायचा होता, तो चढला नाही.

ती शेठकडे वळली आणि गुजरातीत, अगदी मोकळ्या आवाजात म्हणाली, "काका, माझे पप्पा डोळ्याने बघतात तेवढ्यावर कधी सोडत नाहीत. ते म्हणतात, कागद लावून पण बघायचं. बघू ना?"

असं मी कधी म्हटलेलं नव्हतं.

शेडच्या जाळीत उत्तरायणचा एक फाटका पतंग अडकलेला होता. तिने तो ओढून काढला आणि त्याच्या पातळ कागदाच्या पट्ट्या फाडल्या. एकेक पट्टी टेबलावर ठेवून वर लोखंडी पट्टी उभी केली. "आबा, दाबून धरा," म्हणाली. मी धरली. टोकाकडचे कागद तिने ओढले तर ते निघेनात, फाटले. मधले कागद अलगद निघून आले, सुकं पान निघावं तसे. शेठनेही स्वतः एक कागद ओढून बघितला. पुन्हा घालून पुन्हा ओढला. त्याचा चेहरा उतरला. तो फसवणारा माणूस नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं लाकडाच्या बारीक पट्ट्या मधूनच ढकलल्या, तिथेच झिजलं असेल, असं तो स्वतःशीच बोलला. आणि मग माझा खांदा धरून म्हणाला, "वाह मिस्त्री! उस्ताद छो तमे."

कामगारही कौतुकाने बघत होते. मी हसलो. मानही हलवली. लेक खाली बसून कागदाचे तुकडे गोळा करत होती.

मशीन घ्यायचं ठरलं. टेबल ग्राइंडिंगला पाठवून सपाट करून देतो, खर्च माझा, असं शेठनेच सांगितलं. चहा झाला. चहा पितानाही तो मला कुठल्या कुठल्या मशीनबद्दल विचारत होता आणि मी उत्तरं देत होतो.

परत येताना मोठ्या रस्त्याला लागल्यावर लेकीने स्कूटर एका उसाच्या रसाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, थांबवली. मी ओळखलं की आता बोलणार. ग्लास हातात आल्यावर तिने विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?"

"आबा."

"धूळ होती तिथे. डोळ्यात गेली."

ती ग्लासात बघत राहिली. तिने ते खरं मानावं अशी माझी इच्छा होती, आणि ती मानत नाही म्हणून मला राग आला. मी म्हणालो, "चार माणसांत बापाला खोटं पाडायची ही तुझी पद्धत?"

"मी पाडलं खोटं?"

तिने ते हळूच विचारलं. तिने तर उलटच केलं होतं. म्हणून मी आणखी चिडलो. तुला मशीनमधलं काय कळतं, हातात करवत मी दिली, असं बरंच काही बोललो. लारीवाला ऐकत होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून तुमच्या खुणा मी परत मारतेय."

"कसल्या खुणा?"

"सगळ्या. तुम्ही खूण मारून चहाला जाता ना, तेव्हा. गुण्या लावून काटकोन बघते आणि चुकली असेल तर खोडून परत मारते. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल."

दिवाळीनंतरच एका गिऱ्हाइकाला मी म्हणालो होतो, वय झालं तरी हात अजून तसाच आहे. ती तेव्हा तिथेच उभी होती, फडक्याने दार पुसत.

मी ग्लास ठेवला, पट्टी उचलली आणि चालायला लागलो. "आबा, कुठे निघालात?" असं तिने दोनदा विचारलं. मी वळलो नाही. रस्त्याच्या मधोमध सिटी बसचा स्टॉप होता, त्यात शिरलो. तिथे दोन्हीकडच्या बस एकाच स्टॉपवर लागतात. बस आली. पाटीवरचा नंबर मला वाचता येईना, लाल ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. शेजारच्याला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. चढलो आणि लुंगीत गुंडाळलेली पट्टी गुडघ्यांत धरून बसलो. मनात लेकीशी भांडत होतो. खिडकीबाहेर बघायचं भानच नव्हतं.

घराच्या वाटेवरचं पांडेसरा यायला हवं होतं ते येईना. शेवटी कंडक्टर ओरडला, "सचिन, सचिन, उतरो." सचिन हे सुरतेच्या टोकाचं गाव; मी घराच्या उलट्या दिशेला येऊन पोचलो होतो.

उतरलो. ऊन कलायला लागलं होतं. परतीची बस कुठली, हे पुन्हा त्याच पाट्यांवर लिहिलेलं. रिक्षावाले हाका मारत होते, पण मघाशी चढताना खिशात होतं नव्हतं ते सुटं तिकिटाला गेलं होतं. मी बराच वेळ फुटपाथवर उभा राहिलो. सुरतेत आलो तेव्हा मला रस्ते ठाऊक नव्हते, गुजराती येत नव्हतं, तरी असा कधी उभा राहिलो नव्हतो. मग फोन काढला. लेकीचा नंबर पहिलाच लावून ठेवलेला आहे, तोही तिनेच.

"मी सचिनला आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, आता हसेल. हसावं, असंही वाटलं.

"सावलीत थांबा. येते," ती म्हणाली.

ती आली. पट्टी माझ्या हातातून घेतली, पायाशी नीट आडवी बसवली, मला मागे बसवलं. भेस्तानचा स्टॉप गेला, उसाची लारी गेली. पुलावर आल्यावर वाऱ्यात मी म्हणालो, "डोळ्यांचं काय करायचं मग?"

"उद्या दाखवू."

"बरं."

घरी पोचल्यावर बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "पाठ दुखणारा माणूस जिन्यात पायरी चाचपतो का?" आणि परातीत पुढचा गोळा घेतला. म्हणजे घरात मी एकटाच लपत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवा मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डावाही पिकत आलाय. त्यांनी विचारलं, "सुतारकाम करता? या डोळ्यांनी इतके दिवस काम कसं केलंत?" मी लेकीकडे बघितलं. "हळूहळू करत होते," ती डॉक्टरांना म्हणाली. तेव्हा मला वाटलं, बास. मी डॉक्टरांना म्हणालो, "काम हिने केलं. मी खुणा मारत होतो, आणि त्याही हीच दुरुस्त करत होती." लेक एकदम खाली बघायला लागली. आता लाजायची पाळी तिची आली, हे मला चमत्कारिक वाटलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसली ती समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइट, साधी, कडा असलेली. मी रडलो असेन, डोळ्यात औषध होतं, सांगता येत नाही. मशीन तोवर ग्राइंडिंग होऊन गाळ्यावर आलं होतं. लेकीने माझ्या हातात पट्टी दिली. मी भोक बघून ठेवली आणि वाकलो. पट्टीखाली अंधार होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तरी मी तिला म्हणालो, "तूही बघ." तिने बघितलं. "आता शे सरळ," म्हणाली. माझ्या एकट्याच्या शब्दावर मला आता काही ठरवायचं नव्हतं.

पण डोळा परत आला आणि दुसरंच सुरू झालं. गेल्या पावसाळ्यापासूनचं काम मला आठवायला लागलं. तिने सुधारलं ते सुधारलं. पण मधे आठवडाभर ती टायफॉइडने पडून होती, तेव्हा मी एकट्याने पर्वत पाटिया भागात एका घरी देव्हारा बसवला होता. विदर्भातलं कुटुंब. नवरा साडीच्या दुकानात, बाई घरी फॉल-पिको करायची. मी लेकीला न सांगता तिकडे गेलो.

बाईंनी ओळखलं, आत बोलावलं. देव्हारा समोरच्या भिंतीवर होता आणि दारातूनच मला दिसलं. डावी बाजू खाली होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली बोटभर. समईखाली त्यांनी पुठ्ठ्याच्या घड्या घालून ठेवल्या होत्या, नाहीतर तेल एका बाजूला यायचं. दोन खणांच्या मधल्या फटीत मेणबत्तीचं मेण भरलेलं होतं, कदाचित मुंग्या येऊ नयेत म्हणून.

"हे असं कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासूनच," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना मी म्हटलंसुद्धा. तर हे म्हणतात, मिस्त्री नामांकित आहेत, त्यांचं काम वाकडं कसं असेल? आपली भिंतच वाकडी आहे. घरमालकालापण सांगितलं त्यांनी, भिंत तिरपी बांधलीय म्हणून. चांगलं भांडण झालं दोघांचं."

मी तिथेच उभा होतो. खिशात छोटं लेव्हल होतं, ते काढायचीही गरज नव्हती.

"भिंत सरळ आहे," मी म्हणालो. "वाकडं मी बसवलंय. माझा डोळा गेला होता तेव्हा, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताच्या आत्ता काढून नीट बसवून देतो."

बाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता नको," त्या म्हणाल्या. "देव मांडलेत, पूजा झालीय. असे मधेच कसे उठवायचे? पाडव्याला सगळे खाली काढून घासते, तेव्हा या."

"येतो."

"घरमालकाला मात्र आता यांनाच सांगावं लागेल, भिंत सरळ आहे म्हणून," त्या म्हणाल्या आणि हसू आवरत आत गेल्या.

चहा करून आणेपर्यंत मला बसायला सांगितलं होतं. खोलीत एकच खुर्ची होती आणि ती देव्हाऱ्यासमोर होती. मी तिच्यावर बसलो. उजव्या डोळ्याने आता सगळं स्वच्छ दिसत होतं, पुठ्ठ्याच्या घड्यासुद्धा मोजता आल्या असत्या. चहा यायला उशीर लागला. मी बसून राहिलो.